आतल्या खोलीतला शेक

मी जुनी आहे, वाकडी आहे आणि रागावलेली आहे. वाकडी मला बनवणाऱ्याने केली, जुनी वर्षांनी केली. राग मात्र मला माणसांनी दिला, आणि तो मी अजून गिळलेला नाही. मी स्टीलची पोकळ नळी आहे. पेन्सिलीहून जरा बारीक, जेमतेम हातभर लांब, टोकाशी बाक दिलेली. कर्करोगाच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीला लागून तयारीची खोली आहे, तिथल्या काचेच्या कपाटात मी राहते.

मित्रांनो, मला कुठे घालतात हे तुमच्या घरातले मोठे तुम्हाला सांगणार नाहीत. घसा खाकरतील आणि विषय बदलतील. मी सांगते. तुम्ही सगळे ज्या पिशवीत नऊ महिने फुकट राहून आलात, आईच्या त्याच पिशवीत मला घालतात. त्या पिशवीच्या तोंडाला कर्करोग होतो. लाजायचं तर लाजा, पण ऐका. या लाजेपायी कितीतरी बायका रक्त जात असताना घरी बसून राहिल्या आणि आल्या तेव्हा रोग पार पुढे गेलेला होता.

पुढे गेलेला रोग कापून काढता येत नाही. पण उपचार असतो, आणि तो ठरलेला असतो. देशोदेशीच्या डॉक्टरांनी हजारो बायकांचं जगणं-मरणं बघून तो ठरवला आहे, कुणाच्या लहरीने नव्हे. आधी काही आठवडे मोठ्या यंत्राने बाहेरून किरण द्यायचे. त्यासोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. आणि शेवटी मी. माझ्या पोकळीतून किरणांचा एक बारीक दाणा थेट रोगाच्या दारात जातो, काही मिनिटं थांबतो आणि काम करून परत येतो. असं तीन-चार वेळा. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत उरकायचं, कारण रोग काही कुणासाठी खोळंबून बसत नाही. बाहेरच्या यंत्राने माझ्याइतके किरण तिथे ओतायला जाल, तर शेजारचं आतडं आणि लघवीची पिशवी भाजून निघेल. म्हणून मला बनवलं. मी शोभेची नाही. मला वगळलं की बाईच्या आयुष्यातली वर्षं वगळली जातात.

मला घडवणारा कारागीर कमी बोलणारा होता. त्याने मला तापवलं, वाकवलं आणि मग घासत बसला. घासून झालं की गालावरून फिरवून बघायचा. गालाला जराशी टोचले, की पुन्हा घासायला घ्यायचा. "ही कुणाच्या तरी आईला लागणार," एवढंच एकदा म्हणाला. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य.

पहिली वर्षं भरभरून गेली. तेव्हाचे डॉक्टर म्हातारे होते, तिरसट होते, पण एकाही बाईला माझ्याशिवाय घरी धाडत नसत. मला उकळत्या वाफेत टाकायचे, वापरायचे, पुन्हा वाफेत. मला धड गार व्हायला सवड मिळायची नाही. बायका दोन वर्षांनी, पाच वर्षांनी तपासायला यायच्या आणि बाहेर बाकावर बसून सुनांच्या कागाळ्या करायच्या. त्या कागाळ्या मला फार गोड लागायच्या. कागाळी करायला जिवंत असावं लागतं.

मग ते डॉक्टर निवृत्त झाले आणि आत्ताचे मोठे डॉक्टर आले. गोरेगोमटे, मऊ आवाजाचे, सगळ्यांना "मावशी, मावशी" करणारे. त्यांच्याबरोबर एक नवं यंत्र आलं. त्याच्यासाठी दवाखान्याच्या पोटात जाड भिंतींची आणि जाड दाराची खोली बांधली. यंत्र झकास होतं, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या यंत्रापुढे तासाभरात रांगेने बायका झोपवून उठवता येत होत्या, आणि माझ्यासाठी अर्धा दिवस मोडत होता. भूल देणारा हवा, टेबल हवं, फोटो हवेत, किरणांचा हिशेब करणारा हवा. मोठ्या डॉक्टरांना घाई असायची. एक दिवस त्यांनी माझ्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. कुलपाचा आवाज केवढासा असतो, पण तो मला अजून ऐकू येतो.

कपाटावर, भिंतीत, हवेसाठी एक जाळी आहे. जाळीच्या पलीकडे बायका बसतात ती जागा. त्यामुळे मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं, आणि न दिसलेलं परिचारिका कपाटापाशी बोलतात त्यातून कळतं. आणि ऐकता ऐकता मला एक शब्द कळला, ज्याने माझा आणि बायकांचा घात केला. किरण या शब्दाशी बायकांना काही घेणं नव्हतं. त्या म्हणायच्या शेक. "माझे एवढे शेक झाले, माझे तेवढे राहिले." दवाखान्यातले लोकही तसंच म्हणू लागले. बाहेरून द्यायचा तो बाहेरचा शेक, माझ्यातून द्यायचा तो आतला शेक. सोपं झालं, नाही का? फार सोपं झालं.

याच सुमाराला कंडक्टरबाई आल्या. बसमधल्या कंडक्टर, चाळिशी उलटलेल्या, आणि आवाज असा की जाळीची धूळ उडावी. सोबत त्यांची नणंद. दोघी पहिल्या दिवसापासून भांडत होत्या.

"वहिनी, हळू बोला. दवाखाना आहे."

"हळू बोलून माझी कोणती बस वेळेवर सुटली? अहो, पुढे सरका जरा, बाक काय तुमच्या एकटीचा आहे?"

बाहेरचा एकही शेक त्यांनी चुकवला नाही. सलाइनमधल्या औषधाने पोटात ढवळायचं, बाक धरून ओकारी दाबायच्या, आणि दाबून झाली की शेजारणीला हसवायच्या. "घाबरू नकोस गं. त्या यंत्राखाली पडलं की काही करावं लागत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मला कुणीतरी नुसतं पडून राहा म्हणालं."

बाहेरचे शेक संपले. आता माझी पाळी होती. मी कपाटात ताठ होऊन वाट बघत होते. वाकडी वस्तू जेवढी ताठ होऊ शकते तेवढी. मोठे डॉक्टर जाळीपलीकडून जाता जाता थांबले.

"काय मावशी, बाहेरचा झाला. आतला शेक झाला ना?"

"झाला की!" कंडक्टरबाई ठणकावून म्हणाल्या. "सगळं आतल्याच खोलीत तर झालं. त्या जाड दाराच्या."

मित्रांनो, इथे मी ओरडले. स्टील ओरडत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? बाईंना वाटलं, आतला शेक म्हणजे आतल्या खोलीतला शेक. यात त्यांचं काय चुकलं? त्या रोज दाराबाहेर थांबत होत्या, मग आतल्या खोलीत जात होत्या, शेक घेऊन बाहेर येत होत्या. त्यांच्या लेखी आतला झाला होता.

 माझी किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या खिशात होती. आतला शेक झाला की नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग ते हसले. "छान. मग झालं तर सगळं. तीन महिन्यांनी दाखवायला या."

बाईंची चूक शब्दाची होती. डॉक्टरांनी चूक केलीच नाही. त्यांनी सोय बघितली. त्या दिवसापासून ते प्रत्येकीला तेच विचारू लागले. बायका "हो, आतल्या खोलीत झाला" म्हणायच्या आणि घरी जायच्या, तुरुंगातून सुटका झाल्यासारख्या हसत. एखादीने चुकून "आतला म्हणजे कुठला?" असं विचारलंच, तर उत्तर तयार असायचं. "भूल देणारे नाहीत सध्या. बाहेरूनच थोडा जास्त देऊ, सारखंच आहे." सारखं नाही! धडधडीत खोटं!

आणि मी पूर्ण बंद होते असंही समजू नका. वर्षातून कधीतरी कपाट उघडायचं. दवाखान्याच्या अध्यक्षांची मेहुणी आजारी पडली तेव्हा भूल देणाराही सापडला, टेबलही मिळालं, अर्धा दिवसही निघाला. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः मला हातात घेतलं. हात असा सफाईदार की काय सांगू! म्हणजे त्यांना येत नव्हतं असं नाही. वेळ नव्हता असंही नाही. ओळखीच्या बाईला मी, आणि बिनओळखीच्या बाईला गोड बोलणं. त्या दिवशी मी काम चोख केलं. पण परत कपाटात आले तेव्हा ठरवलं, या माणसाला मी सोडणार नाही.

वर्ष झालं. कंडक्टरबाई परत आल्या. आवाज तोच, पण मधेच दम घ्यायला थांबणारा. एक पाय सुजला होता, पाठ रात्रंदिवस ठणकत होती. तोवर दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण रुजू झाली होती. तपासायच्या खोल्या भरल्या होत्या, म्हणून तिने बाईंना तयारीच्या खोलीत घेतलं. पहिल्यांदा मी त्यांना काचेतून बघितलं. उंच, रुंद खांद्यांच्या, खाकी रंग उडालेली पर्स काखेत.

डॉक्टरणीने आतला शेक झाला का, असं विचारलंच नाही. ती म्हणाली, "तुम्हाला टेबलावर झोपवून, भूल देऊन, पिशवीत नळी घातली होती का?"

"नळी? कसली नळी?"

डॉक्टरीण उठली. मग परिचारिकेकडची दुसरी किल्ली मागवून तिने कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. "ही."

कंडक्टरबाईंनी मला हातात घेतलं. नाणी मोजून मोजून टणक झालेली बोटं. मला उलटसुलट करून बघितलं.

"एवढीशी? ही घातली नाही म्हणून हे परत आलं?"

"शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही. पण घालायला हवी होती. घातली असती तर वाचण्याची आशा बरीच जास्त होती."

"मग घाला की आता. मी काय नाही म्हणतेय?"

"आता तो पाठीच्या मणक्यात आणि फुप्फुसात गेलाय, मावशी. आता दुखणं कमी करू शकते मी. तो काढू शकत नाही."

नणंदेने खुर्ची पुढे सरकवली. कंडक्टरबाई उभ्याच होत्या. मला एवढ्या जोराने धरलं होतं त्यांनी, की त्यांच्या हाताची ऊब माझ्या पोकळीपर्यंत पोचली. "म्हणजे तिकीट शेवटच्या थांब्याचं फाडलं," त्या म्हणाल्या, "आणि मला अर्ध्या वाटेत उतरवून गाडी पळवली."

"वहिनी, आपण तक्रार करू. वरपर्यंत जाऊ."

"तक्रार करून काय होईल? बदली होईल त्याची. बदली म्हणजे काय, तर दुसऱ्या गावच्या बायका मारायला पाठवणं. नाही. त्याला मी इथेच धरणार. या कपाटापाशी."

दुसऱ्या दिवसापासून त्या तयारीच्या खोलीबाहेर, दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसू लागल्या. दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या, पाठीला उशी लावायची, आणि भरल्या बसमध्ये विचारावं तसं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला विचारायचं. आणि विचारताना त्यांनी एक काम असं केलं, की मोठ्या डॉक्टरांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी शब्द बदलला.

"आतला शेक म्हणायचं नाही. नळीचा शेक म्हणायचं. बोला, नळीचा शेक कुणाकुणाचा राहिला? तुझा? तुझा झाला? आतल्या खोलीतला नव्हे गं बाई, नळीचा! पिशवीत नळी गेली होती का?"

पहिल्या दिवशी बायका लाजल्या. चार दिवसांनी लाज संपली. आठवड्याने सगळ्या एकमेकींना विचारू लागल्या आणि मोठ्या डॉक्टरांनाही. "डॉक्टर, माझा नळीचा शेक कधी?" आता "हो, आतल्या खोलीत झाला" असं कुणी म्हणेना. साहेबांची सोय मोडली. मी कपाटात बसून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकायचे. पूर्वी ते जाळीसमोरून रमतगमत जायचे. आता पळायचे.

त्या बायकांत एक जाड चष्म्याची तरुण बाई होती. दोन लहान मुलं घरी. तिचे बाहेरचे शेक संपलेले, आणि उपचार सुरू झाल्यापासूनचा सातवा आठवडा चालू झालेला. नवी डॉक्टरीण तिच्यासाठी रोज टेबल मागत होती आणि मोठे डॉक्टर रोज नाही म्हणत होते. आता कंडक्टरबाईंचा जीव तिच्यात अडकला. "माझं जे व्हायचं ते झालं," त्या नणंदेला म्हणाल्या, "पण हिचा आठवडा गेला तर मी मेल्यावरही त्याला झोपू देणार नाही."

एक दिवस मोठे डॉक्टर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. सोबत पहारेकरी.

"मावशी, तुम्ही इतर पेशंटना घाबरवताय. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे."

"मावशी म्हणू नका. माझ्या बहिणीला असला मुलगा नाही."

बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे बघा बाई, तो नळीचा उपचार जुना झालाय. नळीही जुनी आहे. आता आपल्याकडे आधुनिक यंत्र आहे, त्याच्यानेच आम्ही थोडा जास्त—"

मी जुनी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मला बोलावं लागलंच नाही. त्याच वेळी तपासणीच्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. चापूनचोपून नेसलेल्या, हसऱ्या, तब्येत खणखणीत. कंडक्टरबाईंनी त्यांनाही सोडलं नाही. त्या कुणालाच सोडत नव्हत्या.

"तुमचा झाला का हो नळीचा शेक?"

"झाला ना!" बाई निरागसपणे म्हणाल्या. "चारदा झाला. वर्ष होईल आता, एकदम ठणठणीत आहे मी. तुम्ही अजिबात घाबरू नका. आपल्या डॉक्टरांनीच केला, स्वतः. फार हलका हात आहे त्यांचा. हो ना डॉक्टर? आमच्या भाऊजींनी फोन केला आणि यांनी लगेच दुसऱ्या दिवशी घेतलं."

भाऊजी म्हणजे दवाखान्याचे अध्यक्ष. ही त्यांची मेहुणी.

जाळीपलीकडे बायका वळून बघू लागल्या, बाक करकरले. मेहुणीबाई इकडेतिकडे बघू लागल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज बारीक झाला. "काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही हो ताई," कंडक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता, आणि मला त्या आवाजाची भीती वाटली. "तुम्ही अगदी बरोबर बोललात. तुम्ही खूप जगा. डॉक्टर, यांना नळी जुनी नव्हती. मला जुनी होती. मी तर तुम्हाला विचारलंही नव्हतं, तुम्हीच मला विचारलंत, आतला झाला ना म्हणून. मी गाढव, हो म्हणाले. परिचारिका सांगतात, कपाटाची किल्ली तुमच्या खिशात होती. होती की नव्हती?"

डॉक्टरांनी पहारेकऱ्याला हाक मारली.

"तोंड उघडा. होती की नव्हती?"

"होती."

चष्मेवालीचा नवरा उठला, मग चष्मेवाली, मग बाकांवरच्या सगळ्या. कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. त्या नुसत्या त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. पहारेकऱ्याची बायको कधीकाळी याच बाकावर बसली होती की काय कोण जाणे. तो भिंतीला टेकून छताकडे बघत राहिला.

"करू," मोठे डॉक्टर म्हणाले. "हिचं करू."

"नुसतं 'करू' नको मला. कधी?"

"उद्या सकाळी."

"आणि तुम्ही स्वतः करायचं. हलका हात आहे म्हणे तुमचा."

सकाळी मला वाफेतून काढलं. चष्मेवाली टेबलावर भूल घेऊन पडली होती. मोठ्या डॉक्टरांनी मला उचललं. हातमोज्यातूनही कळत होतं, बोटांना घाम फुटलाय. मित्रांनो, ज्या माणसाला मी इतकी वर्षं शिव्याशाप दिले, तो मला मुठीत धरून उभा होता. जरा निसटले असते, जरा चुकीची वळले असते, तर सगळ्या दवाखान्यात त्याची छी-थू झाली असती. मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण माझं टोक त्याच्याकडे नव्हतं. तिच्याकडे होतं. सूड घ्यायचा म्हटलं तरी लागणार कुणाला, तर दोन पोरांच्या आईला. आजवर तेच तर होत आलं होतं. भांडण कुणाचं, वेळ कुणाची, आणि लागायचं बाईला. मी मुकाट सरळ गेले आणि जिथे बसायचं तिथे बसले. किरणांचा दाणा माझ्यातून गेला, थांबला, परत आला. एवढा संताप आणि एवढं चोख काम मी एका दिवसात कधी केलं नव्हतं.

तिचे सगळे शेक आठवा आठवडा संपायच्या आत झाले. शेवटच्या दिवशी मोठे डॉक्टर बाहेर गेले. कंडक्टरबाई खुर्चीत होत्या, पण आता बसलेल्या नव्हत्या, कलंडलेल्या होत्या. नणंदेने त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं होतं.

"झाले तिचे," डॉक्टर म्हणाले.

"नळीचे?"

"नळीचे. सगळे." ते खुर्चीजवळ वाकले. "बाई, माझं चुकलं. मला माफ करा."

बाईंनी दम घेतला. "नाही करत."

"मी मनापासून—"

"असेल मनापासून. नाही करत. माफ केलं की तुम्ही आज रात्री शांत झोपाल, आणि झोपलात की पुढच्या वर्षी कपाटाला पुन्हा कुलूप लागेल. माझ्याकडून तुम्हाला तेवढी सवलत नाही. जा, दुसरी बाई वाट बघतेय."

नणंद रडत होती. "वहिनी, असं नका हो बोलू. शेवटचं तरी..."

"शेवटचं आहे म्हणूनच बोलतेय. तू गप्प बस आणि पाठ दाब."

त्यानंतर तो आवाज जाळीतून आला नाही. नणंद एकटी आली, वहिनी गेल्याचं नव्या डॉक्टरणीला सांगून गेली.

आता माझ्या कपाटाला कुलूप नाही. मला पुन्हा गार व्हायला सवड मिळत नाही. लोक म्हणतात, मोठे डॉक्टर सुधारले. मी त्यांच्या हातात असते, मला विचारा. ते सुधारले की नाही, मला ठाऊक नाही. ते घाबरले आहेत. प्रत्येक बाईला आता ते स्वतःच सांगतात, तुमचा नळीचा शेक अमुक दिवशी, आणि सांगताना दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात, असं परिचारिका म्हणतात. मला तेवढं पुरतं.

मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्यापुढे हात जोडतात, आमची काळजी घ्या म्हणतात. मी नाही म्हणणार. मी स्टील आहे, उकळलं की पुन्हा नवी. तुमची आई, मावशी, आत्या, बहीण उकळून पुन्हा नव्या होत नाहीत. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर सोबत जा. बाकावर बसा. उपचार कुठून कुठवर ठरला आहे ते विचारा, त्यातलं काय झालं आणि काय राहिलं ते विचारा, आणि एखादा शब्द कळला नाही तर कळेपर्यंत पुन्हा विचारा. कुणी मऊ आवाजात "झालं सगळं" म्हणालं, तर उठू नका. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवा आणि म्हणा, "काय काय झालं, एकेक सांगा."

तो चिडेल. चिडू द्या.